हाड गिळणाऱ्या पक्ष्याचे डोहाळजेवण

हरगिला हा पक्षी देखणा आहे असे त्याच्या आईशिवाय कोणी म्हणणार नाही. उंची जवळजवळ पाच फूट, पंख पसरले की आठ फुटांच्या वर, डोके आणि मान जवळपास उघडी, चोच पाचरीसारखी जाड, आणि गळ्याखाली लोंबणारी केशरी-पिवळट थैली. करकोच्याच्या कुळातला, पण करकोच्याचा डौल याच्या वाट्याला आला नाही. त्याचे ते ताठ, मोजूनमापून पावले टाकत चालणे पाहून इंग्रजांना पलटणीतला अॅडज्युटंट आठवला आणि पुस्तकात नाव पडले ग्रेटर अॅडज्युटंट. आसामातले लोक मात्र त्याला हरगिला म्हणतात. हर म्हणजे हाड, आणि गिला म्हणजे गिळणारा. बेळगावच्या वाचकाला याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. दोन हजार मैलांवरची भाषा, पण शब्द घरचाच निघाला.

एकोणिसाव्या शतकात हा पक्षी कोलकात्याच्या रस्त्यांवर, गच्च्यांवर ऐटीत उभा असे. मेलेली जनावरे, खाटकाकडची टाकलेली आतडी, सगळे तो फस्त करी, आणि शहराची तेवढी घाण फुकटात निघून जाई. पुढे तो तिथून नाहीसा झाला. आता त्याची घरटी राहिली आहेत ती आसामात, बिहारमध्ये भागलपूरच्या आसपास आणि तिकडे कंबोडियात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा अंदाज असा होता की साऱ्या जगात मिळून हे पक्षी ८०० ते १२०० असतील. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या लग्नाच्या पंगतीइतके.

एवढे दुर्मीळ झाले तर लोकांनी जपायला नको का, असे आपण इथे बसून सहज म्हणू. पण हरगिला जंगलात राहत नाही, लोकांच्या परसात राहतो. कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पचरिया, सिंगिमारी या गावांत कदंब आणि सावरीची उंच झाडे घरामागे असतात, त्यांच्या शेंड्यावर तो घरटे बांधतो. पिल्ले महिनोन्महिने घरट्यात राहतात. आईबाप त्यांच्यासाठी मासे, साप, मेलेल्या जनावराचे लचके आणतात, त्यातले निम्मे खाली अंगणात पडते. वर विष्ठा. वास असा की दारात बसून जेवणे मुश्कील. तुळशीवृंदावनाशेजारी रोज सकाळी सडके हाड पडलेले दिसले तर तुम्ही-आम्ही तरी काय केले असते? तिथले लोकही तेच करत. झाड तोडून मोकळे होत. शिवाय हा पक्षी अपशकुनी, रोगराई आणणारा, असा समज होताच.

आता पूर्णिमा देवी बर्मन यांच्याकडे येते. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांना ब्रह्मपुत्रेच्या काठी आजीकडे ठेवले गेले. आईबाप, भावंडे दूर. पोर रडून रडून हैराण. आजी शेतकरीण. ती नातीला घेऊन भातखाचरांत आणि पाणथळ जागांवर जाऊ लागली, बगळे दाखवू लागली, करकोचे दाखवू लागली. पक्ष्यांची गाणी शिकवली, आणि वर म्हणे, त्यांच्यासाठी तूही गाणे म्हण. पुढे प्राणिशास्त्र, मग पीएच.डी.साठी नोंदणी, विषय हरगिलाच. इथपर्यंत ही कोणत्याही हुशार मुलीची गोष्ट झाली.

२००७ साली एका गावात एक माणूस परसातले झाड तोडताना त्यांना दिसला. झाडावर हरगिलाची घरटी होती, पिल्ले खाली पडलेली. त्यांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला तर तो चिडलाच, शेजारीपाजारीही गोळा झाले. एवढे प्रेम असेल तर ये आणि आमची अंगणे झाड, असे बोलणे ऐकावे लागले. घरी स्वतःच्या जुळ्या मुली लहान होत्या. त्या पिल्लांच्या जागी मुलीच दिसू लागल्या, असे त्यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे. आपण कागदावर या पक्ष्याचा अभ्यास पुरा करू तोपर्यंत पक्षीच उरला नाही तर त्या प्रबंधाचे करायचे काय, हा प्रश्न होता. त्यांनी पीएच.डी. बाजूला ठेवली. ती पुरी झाली २०१९ साली. बारा वर्षे! आपल्याकडे मुलीचे एक वर्ष वाया गेले तर घरात सुतक पाळतात, म्हणून आकडा मुद्दाम सांगितला.

मला त्यांच्या कामातला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. त्यांनी गावात जाऊन 'परिसंस्था', 'जैवविविधता', 'अन्नसाखळी' असली व्याख्याने दिली नाहीत. म्हणजे तेही सांगितले असेल, पण आधी नाही. आधी स्वयंपाकाच्या स्पर्धा घेतल्या, कारण बायका घराबाहेर कशाला येतील हे त्यांना ठाऊक होते. ज्यांच्या परसात घरटी आहेत त्या झाडमालकांना चारचौघांत बोलावून गामोसा घालून सत्कार केला. ज्या माणसाला काल शेजारी 'तुझ्या झाडामुळे आमच्या दारात घाण' म्हणत होते, तोच आज व्यासपीठावर. आणि मग डोहाळजेवण. आसामात गरोदर बाईसाठी पंचामृताचा विधी करतात, आपल्या डोहाळजेवणाची ती बहीणच. हरगिलाचा विणीचा हंगाम आला की गावातल्या बायका जमून या पक्ष्यासाठी तो विधी करू लागल्या. गाणी, खाऊ, सगळे रीतसर.

वाचून हसू येईल कदाचित. पण थोडे थांबून पाहा काय झाले ते. जो पक्षी काल अपशकुनी होता तो एका दिवसात घरची गरोदर लेक झाला. लेकीच्या वासाचा, तिच्या पोरांच्या घाणीचा त्रास कोण काढते? बाळंतिणीच्या खोलीलाही वास असतोच. पक्ष्याबद्दलची एकही माहिती खोटी सांगितली नव्हती. तो खरोखरच अंडी घालायला, पिल्ले वाढवायला तुमच्या झाडावर आलेला होता. बदलली ती गोष्ट. तीच माहिती, पण कुणाच्या तोंडून, कोणत्या नात्याने सांगितली, यावर सगळे फिरले. पुढे त्याच बायका मागावर मेखला-चादरीत आणि साड्यांत हरगिलाचे नक्षीकाम विणू लागल्या, त्यातून चार पैसे हाती आले. आज या 'हरगिला आर्मी'त दहा हजारांवर बायका आहेत.

आणि यात शास्त्र कुठे गेले असे कोणी विचारील, तर ते घरटी मोजत बसले होते. दरवर्षी, झाडागणिक. त्या तीन गावांत मिळून सुरुवातीला २८ घरटी होती, ती पुढे २५० च्या वर गेली. पिल्ले पडतात म्हणून झाडांखाली जाळी बांधली. झाडे कमी पडतात म्हणून बांबूचे उंच मचाण उभारून पाहिले, आणि त्यावरही पिल्ले निघाली. २०२३ साली जगाच्या लाल यादीत हरगिलाला 'धोक्यात' या वर्गातून काढून 'धोक्याच्या जवळ' या दोन पायऱ्या बऱ्या वर्गात ठेवले गेले. मोजदाद नसती तर डोहाळजेवण ही नुसती गंमत ठरली असती. त्यांना पुरस्कारही पुष्कळ मिळाले, २०१७ साली नारीशक्ती पुरस्कार आणि व्हिटली पुरस्कार, २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा मोठा सन्मान, २०२४ साली पुन्हा व्हिटलीचा सुवर्ण. यादी इथेच थांबवते, कारण आपल्याकडे पुरस्कारांची यादी वाचली की माणसे कामाचे विचारायचे विसरतात.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. गुवाहाटीजवळचे हरगिले आजही मोठ्या संख्येने कचऱ्याच्या डेपोवर पोट भरतात. पाणथळ जागा आटत चालल्या आहेत. डोहाळजेवणाने झाड वाचते, तलाव वाचेलच असे नाही. तिथे सरकार, महापालिका, जमिनीचे भाव अशी दुसरी मंडळी बसलेली असतात आणि ती गाण्याला विरघळत नाहीत.

हे सगळे लिहायला निमित्त झाले ते खानापूरकडच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचे. लेक प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पुढे वन्यजीवांचे शिकायचे म्हणते, त्यांच्या रक्षणाचे काम करायचे म्हणते. 'आणि ताई, वहीत गोष्टी लिहीत बसते. खवल्या मांजराची गोष्ट, नदीची गोष्ट. हे म्हणतात बी.एड. कर, गोष्टी काय, शाळेत पोरांना सांगता येतील. एक धड ना भाराभर चिंध्या असे व्हायला नको. तुम्ही काय म्हणता?'

वहिनी, पहिले सांगते ते असे की त्या दोन चिंध्या नाहीत. पूर्णिमाताईंचे उदाहरण वर दिले. दुसरे जुने आहे आणि परदेशातले आहे, पण तुमच्या घरातला वाद अगदी तसाच तिथे झालेला आहे.

अमेरिकेतल्या रेचेल कार्सन १९२५ साली कॉलेजात गेल्या त्या इंग्रजी साहित्य शिकायला, लेखिका व्हायचे म्हणून. मध्येच जीवशास्त्राच्या वर्गात रमल्या आणि विषय बदलला. आता लेखन सुटले, असेच त्यांना वाटले होते. १९३२ साली प्राणिशास्त्राची एम.ए. झाली, पण घरची परिस्थिती ओढगस्तीची, पुढचे शिक्षण सोडावे लागले. मग सरकारी मत्स्यखात्यात रेडिओसाठी समुद्रातल्या जिवांवर छोटी छोटी भाषणे लिहायचे काम मिळाले. एकदा खात्याच्या पुस्तिकेसाठी त्यांनी प्रस्तावना लिहून दिली. साहेबांनी वाचली आणि सांगितले की आमच्या कामाला हे चालणार नाही, हे फारच चांगले आहे, 'अटलांटिक मंथली' मासिकाला पाठवा. असे साहेब सगळ्यांना मिळोत! १९३७ साली तो लेख छापून आला आणि कार्सनबाईंना कळले की आपण लेखन सोडले नव्हते, लिहायला विषय मिळवला होता.

१९६२ साली त्यांचे 'सायलेंट स्प्रिंग' आले. डीडीटीसारखी कीटकनाशके शेतात, जंगलांवर विमानातून फवारली जात होती, त्याने किड्यांबरोबर पक्षीही मरत होते, माशांत, माणसांतही विष साठत होते. एवढा गंभीर मामला, पण पुस्तकाचे पहिले प्रकरण ही एक कल्पित कथा आहे. एक गाव, तिथे वसंत येतो आणि पक्षी ओरडत नाहीत. असे एक विशिष्ट गाव कुठे नाही, हे त्या तिथेच सांगून टाकतात. पण यातले प्रत्येक संकट कुठे ना कुठे घडलेले आहे, असेही. आणि पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून अधिक पाने नुसती आधारांची यादी. रसायन कंपन्यांनी त्यांच्यावर आग ओकली, भावनाविवश बाई म्हणून टिंगल केली. १९६४ साली कर्करोगाने त्या गेल्या. १९७२ साली अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला.

तुमच्या लेकीला यातले एकच दाखवा, की गोष्ट कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. खवल्या मांजराच्या मनात काय आले ते तिने खुशाल लिहावे. पण ते वर्षाला किती पिल्ले घालते, काय खाते, हे तिथे मनचे लिहून चालणार नाही. आपल्याकडे प्राण्यांवर लिहिणाऱ्यांत हा घोटाळा नेहमी होतो. नाग दूध पितो इथपासून सगळे 'ऐकीव' छापून येते आणि शाळेतली पोरे तेच पाठ करतात.

मराठीत तर या वाटेवर मोठे पाऊल पडलेलेच आहे. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला लागले आणि कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत आयुष्य काढले. नोंदवह्या भरल्या, संस्कृत शिकले, गोंड आणि ढीवर माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे गोळा केली. इंग्रजी पुस्तकांत 'हेरॉनरी' असते, बगळ्या-करकोच्यांची एकत्र वसाहत, तिला त्यांनी मराठीत 'सारंगागार' म्हटले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. नाव मिळाले की ती जागा भाषेत येते, आणि भाषेत आली की तिच्याबद्दल भांडता येते. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. 'रानवाटा' तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात नक्की असेल, नसेल तर मागणी नोंदवा.

शिक्षणाचे थोडक्यात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे एनसीबीएस या दोन ठिकाणी वन्यजीवांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. जागा थोड्या, प्रवेश परीक्षा कठीण. कोइमतूरला सलीम अलींच्या नावाची संस्था आहे, ती आता डेहराडूनच्याच संस्थेचा भाग झाली. पगाराचे विचाराल तर सुरुवातीला कमी, तेही प्रकल्प असेल तोवर. हे लपवून मुलीची बाजू घेतली तर तिच्या वडिलांशी लबाडी होईल. बी.एड. हाताशी असायला हरकत नाही. पण त्यासाठी दुसरे मारू नका.

आणि एक आपल्या भागातले. भीमगडच्या रानात, तळेवाडीच्या बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत. तिथे एक वाघूळ राहते. कान मोठे, तोंडावर पुढे आलेले, शेपटी पडद्याच्या बाहेर मोकळी. १९१२ साली ते तिथे सापडले, १९१३ साली लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याला नाव दिले, रॉटन नावाच्या निवृत्त वनाधिकाऱ्यावरून. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जगात दुसरीकडे कुठेही त्याची नोंद नव्हती. फक्त आपल्या खानापूर तालुक्यात! पुढे ते मेघालयात आणि कंबोडियात सापडले (हरगिलाचाही मुक्काम ईशान्येत आणि कंबोडियातच, हा निव्वळ योगायोग). २०११ साली भीमगड अभयारण्य झाले, त्यात या वाघळाचाही वाटा होता. तरी बेळगावात दहा जणांना विचारा, नऊ जणांनी नाव ऐकलेले नसते. वाघूळ म्हटले की अंगावर काटा, घरात शिरले की अपशकुन. २०१८ साली केरळात निपाह आला आणि २०२० साली कोरोना, तेव्हापासून तर भीती दुप्पट झाली. ही किडे खाणारी वाघळे रात्रभर आपल्या शेतांवरून किडे टिपत फिरतात, ते कोणी सांगत नाही.

म्हणजे इथेही हरगिलासारखे करावे? वाघळाचे डोहाळजेवण? इथेच तुमच्या लेकीच्या शास्त्राची परीक्षा आहे. हरगिलाला लोकांची गरज होती, कारण तो लोकांच्या परसात होता. गुहेतल्या वाघळाला माणूस नको असतो. दिवसा झोपलेली वाघळे टॉर्चच्या उजेडाने, आरडाओरड्याने उठली की त्यांची शक्ती खर्च होते, पोटाशी पिल्लू असलेली मादी बिथरली तर पिल्लू खाली पडू शकते. गोष्ट फार छान झाली आणि पुढच्या रविवारी चार गाड्या भरून मंडळी मोबाइल घेऊन गुहा शोधत निघाली, तर त्या गोष्टीने वाघळांचे वाटोळेच केले म्हणायचे. वाट कुठून जाते, तोंड कुठल्या बाजूला, हे तिने लिहू नये. इथे काही सांगायचे आणि काही गिळायचे. वेळासच्या किनाऱ्यावर कासव महोत्सव भरतो, पिल्ले समुद्राकडे जाताना लोक दोरीबाहेर उभे राहून पाहतात, ते तिथे साधते. गुहेत दोरी बांधून साधणार नाही. कोणत्या जिवाची गोष्ट मोठ्याने सांगायची आणि कोणाची हळू, हे गोष्ट लिहिणाऱ्याला ठरवता येत नाही, त्या जिवाचा अभ्यास केलेल्यालाच ठरवता येते. दोन्ही एकच माणूस असेल तर उत्तम.

घाई मात्र एका गोष्टीची आहे. २०२५ साली तळेवाडीच्या काही कुटुंबांना अभयारण्याबाहेर वसण्यासाठी सरकारने धनादेश दिले. तिथे रस्ता नाही, दवाखाना नाही, अस्वलांचे भय, त्यामुळे लोकांनाही बाहेर पडायचे होते, हे मी समजू शकते. पण त्या माणसांबरोबर त्या रानाची नावेही खाली उतरणार. कुठल्या झऱ्याला काय म्हणतात, कुठल्या महिन्यात कुठले पाखरू ओरडते, संध्याकाळी गुहेतून वाघळे बाहेर पडताना म्हातारी माणसे पोरांना काय सांगत. हे लंडनच्या कुठल्याही कपाटात लिहिलेले नाही. नव्या घरी गेल्यावर पाच-सात वर्षांत ते विसरले जाईल. प्रवेश परीक्षेला अजून वेळ आहे. तोवर लेकीने एक वही घ्यावी, बाहेर आलेल्या त्या घरांच्या ओसरीवर जाऊन बसावे, आणि पहिला प्रश्न एवढाच विचारावा की तुम्ही या वाघळाला काय नावाने हाक मारता.